पक्ष सुधारावा की नवा काढावा? आधी सभासद यादी कोणाच्या हातात आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ वर्षे एका पक्षात काम केले. पक्षाची मूळ भूमिका आजही पटते. पण तिकिटे पैसेवाल्यांना नाहीतर काल आलेल्यांना मिळतात, बैठकीत मांडलेला मुद्दा इतिवृत्तात उतरत नाही, आणि सोबतचे ४० कार्यकर्ते म्हणू लागले आहेत की सतरंज्या उचलणे पुरे झाले, आता आपला पक्ष काढू. तर आत राहून सुधारणा करावी की बाहेर पडावे?

मी दोन्ही करून पाहिले आहे. एका जुन्या पक्षात १७ वर्षे संघटनेचे काम केले. त्यातली शेवटची ६ आतून बदल घडवण्याच्या खटपटीत गेली आणि तिथे आम्ही हरलो. त्यानंतर एका नव्या पक्षाच्या उभारणीत पहिल्या दिवसापासून ९ वर्षे होतो. तिथे काही जागा जिंकल्या, पण ज्यासाठी बाहेर पडलो होतो त्यातले थोडेच हाती लागले. एवढ्या काळानंतर माझे मत असे झाले आहे की आत की बाहेर हे नंतर ठरवायचे असते. आधी हे बघायचे की मुद्द्यासाठी स्वतःहून हलतील अशी माणसे तुमच्याजवळ किती आहेत. तुमचा फोन गेला म्हणून येणारी माणसे यात धरू नका. पहिल्या प्रकारची माणसे असतील तर आतही काही घडवता येते आणि बाहेरही. नसतील तर दोन्हीकडे हाल सारखेच.

सुधारणा म्हणजे नेमके काय हवे आहे, तेही आधी ठरवा. बहुतेक कार्यकर्त्यांना वाटते की पक्षाची भूमिका बदलली म्हणजे पक्ष बदलला. मलाही तसेच वाटायचे. आम्ही तीन वर्षांत अधिवेशनांमध्ये ५ ठराव मंजूर करून घेतले, टाळ्या मिळाल्या, वर्तमानपत्रांत चौकटी आल्या, आणि पुढच्या निवडणुकीची यादी पूर्वीच्याच तिघांनी एका खोलीत बसून केली. पक्ष चालतो तो चार गोष्टींवर: सभासद कोणाला करून घ्यायचे, पदाधिकारी कसे निवडायचे, उमेदवारी कोण ठरवणार, आणि पैसा कुठून येतो व त्याचा हिशोब कोण बघतो. यांपैकी एकाही गोष्टीवर तुमचा हात नसेल तर मंजूर ठराव फायलीत जातो.

आतून झालेल्या मोठ्या बदलांकडे बघितले तर हेच दिसते. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. असहकाराच्या ठरावाची आठवण सगळ्यांना असते, पण पक्ष बदलला तो घटनेने. चार आणे भरणारा कोणीही सभासद होऊ शकला, प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे झाल्या, वर्षभर काम बघायला १५ जणांची कार्यकारी समिती आली. तोवर वर्षातून एकदा भरणारी वकील-डॉक्टरांची सभा असे जिचे रूप होते, तिच्या मांडवात बसणारी माणसेच बदलली. गांधीजींनी जुन्या नेत्यांचे मन वळवण्यावर सगळा भर दिला नाही, दार किती रुंद असावे ते बदलून घेतले. मला हा प्रसंग पक्षसुधारणेचा सर्वांत शिकण्यासारखा धडा वाटतो, आणि तो त्या अंगाने फार थोडे लोक वाचतात.

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षातही असेच घडले. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांमध्ये होणारे मतदान) न लढवता पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवली. अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांच्या मुठीत होते. शिकागोच्या अधिवेशनातल्या गदारोळानंतर पक्षाने एक समिती नेमली, जॉर्ज मॅकगव्हर्न तिचे पहिले अध्यक्ष. समितीने प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले आणि पुढाऱ्यांच्या हातातली उमेदवारी साध्या मतदारांकडे गेली. १९७२ ची उमेदवारी मॅकगव्हर्न यांनीच मिळवली आणि प्रत्यक्ष निवडणुकीत ५० पैकी ४९ राज्ये गमावली. तेव्हा नियम बदलला म्हणजे निवडणूक जिंकलीच, असे समजू नका. नियम मात्र टिकला. आजही त्या पक्षाचा उमेदवार सहसा त्याच वाटेने ठरतो.

याउलट नुसते वरचे पद जिंकून काय होते, ते १९३९ मध्ये दिसले. सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून काँग्रेसचे अध्यक्षपद राखले. पण त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की कार्यकारी समिती गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. समिती आपली नाही, प्रांतिक यंत्रणा आपली नाही, अशा स्थितीत एप्रिलमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक निघाला. पक्षात आपला माणूस अध्यक्ष झाला म्हणून हुरळून जाणाऱ्या मित्रांना मी हे नेहमी सांगतो. खालच्या समित्या हातात नसतील तर अध्यक्षाला सही करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण. एकाच पक्षात, एकाच वर्षी, एकाच कारणासाठी काही जण बाहेर पडले आणि काही आत राहिले, असा प्रयोग ब्रिटनच्या मजूर पक्षात झाला आहे. १९७९ च्या पराभवानंतर पक्षात डाव्या गटाचा जोर वाढला. जानेवारी १९८१ मध्ये नेता निवडण्याचा नियम बदलला आणि दुसऱ्याच दिवशी रॉय जेनकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स या चार माजी मंत्र्यांनी वेगळ्या वाटेची घोषणा केली. मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. माणसे नामांकित, मंत्रिपदाचा अनुभव असलेली, मजूर पक्षाचे दोन डझनांहून अधिक खासदार सोबत आलेले, वर्तमानपत्रे अनुकूल. नव्या पक्षाला याहून चांगली सुरुवात मिळणे कठीण. लिबरल पक्षाशी आघाडी करून १९८३ ची निवडणूक लढवली तेव्हा आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली आणि मजूर पक्षाला २७.६. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. जागा मात्र आघाडीला २३ आणि मजूर पक्षाला २०९. आघाडीची मते देशभर सारखी पसरली होती, मजूर पक्षाची खाणींच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यांत दाटलेली होती. १९८८ मध्ये बहुतांश पक्ष लिबरलांमध्ये विलीन झाला.

जे आत राहिले त्यांचे काय झाले? सप्टेंबर १९८१ मध्ये उपनेतेपदासाठी मवाळ गटाच्या डेनिस हीली यांनी डाव्या गटाच्या टोनी बेन यांना एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरवले. तिथून पुढे एकामागून एक आलेल्या पक्षनेत्यांनी काम केले: नील किनॉक यांनी अंतर्गत गटांना आवर घातला, १९९३ मध्ये जॉन स्मिथ यांनी उमेदवार निवडताना एक सभासद एक मत हा नियम आणला, १९९५ मध्ये टोनी ब्लेअर यांनी उत्पादनाच्या साधनांच्या सामाईक मालकीचे १९१८ पासूनचे कलम बदलून घेतले, आणि १९९७ मध्ये ४१८ जागा जिंकून पक्ष सत्तेवर आला. १९८१ पासून मोजले तर १६ वर्षे. मधे १९८३, १९८७ आणि १९९२ असे तीन पराभव. आत राहण्याची वाट निवडणाऱ्याने हा १६ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. एवढा काळ थांबण्याची तयारी नसेल तर आत राहून सुधारणा करतो असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण पाच-सहा वर्षांत माणूस एकतर थकतो किंवा छोटे पद घेऊन गप्प होतो. मी हे दोन्ही प्रकारचे मित्र गमावले आहेत, आणि दुसऱ्या प्रकारच्यांचे दुःख जास्त आहे.

कोणी म्हणेल, ते चौघे बाहेर पडले म्हणूनच मजूर पक्ष घाबरून सुधारला. यात तथ्य आहे असे मला वाटते. बाहेर मते खाणारा कोणी उभा असेल तर आतल्या सुधारकाचे बोलणे ऐकले जाते. पण ती किंमत बाहेर पडणाऱ्यांनी मोजली आणि फळ आत राहिलेल्यांना मिळाले. तुमच्या ४० जणांना हे चालणार आहे का, ते त्यांना स्पष्ट विचारा. मुद्दा पुढे गेला पाहिजे, आपण जिंकलो नाही तरी चालेल, असे मनापासून म्हणणारी माणसे असतात. फार नसतात.

मतांच्या पसरटपणाचा मुद्दा नवा पक्ष काढणारे सर्वांत उशिरा शिकतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत जिथे आहे तिथे १० ठिकाणी १० टक्के मते म्हणजे शून्य, आणि एका ठिकाणी ४० टक्के म्हणजे बहुधा एक जागा. भारतातल्या १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने २५४ जागा लढवल्या, १०.६ टक्के मते मिळवली आणि १२ जागा जिंकल्या. कम्युनिस्टांनी फक्त ४९ लढवल्या, ३.३ टक्के मते मिळवली आणि १६ जिंकल्या. जयप्रकाश आणि लोहियांसारखे नेते, स्वातंत्र्यलढ्याचे तेज, देशभर नाव, आणि तरी हा निकाल. सहा दशकांनी आम आदमी पक्षाने २०१४ मध्ये लोकसभेच्या ४०० हून अधिक जागा लढवल्या, जिंकल्या ४, त्याही सगळ्या पंजाबात. त्याच पक्षाने पुढच्या वर्षी दिल्लीत ७० पैकी ६७ जागा घेतल्या. शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले, तरी कुलाबा-रायगड पट्ट्यात पक्ष कितीतरी दशके टिकला, कारण तिथे त्याची मुळे गावागावांत होती.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असलेल्या देशात हिशोब वेगळा आहे. पश्चिम जर्मनीत संसदेत येण्यासाठी किमान ५ टक्के मतांची अट होती. ग्रीन पक्ष १९८० मध्ये स्थापन झाला, त्या वर्षी दीड टक्क्यावर अडला आणि १९८३ मध्ये ५.६ टक्के मते घेऊन संसदेत पोहोचला. तिथे पसरलेली मतेही वाया जात नाहीत. म्हणून परक्या देशातल्या नव्या पक्षाचे यश ऐकून उत्साह वाटला की आधी तिथली मतदानाची पद्धत बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये पक्ष काढून मे २०१७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष झालेल्या इमॅन्युएल मॅक्राँ यांचे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. तिथे अध्यक्ष थेट निवडला जातो आणि दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत २४ टक्के मते त्यांना पुरली. शिवाय वरून उभ्या राहिलेल्या त्या पक्षाला खाली मुळे धरता आली नाहीत. २०२० च्या नगरपालिका निवडणुकांत स्वबळावर एकही मोठे शहर त्याला जिंकता आले नाही.

दुसरे उदाहरण एन. टी. रामाराव यांचे. मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम, जानेवारी १९८३ मध्ये सत्ता. पण तीन दशके पडद्यावर घरोघर पोहोचलेला माणूस आणि दिल्लीहून वारंवार मुख्यमंत्री बदलल्यामुळे दुखावलेला प्रांत, या दोन्ही गोष्टी पक्षाच्या आधीपासून होत्या. तुमच्याकडे तसे काही असेल तर हे उत्तर वाचण्याची गरज नाही.

टिकलेले बहुतेक नवे पक्ष मला तरी असे दिसतात की संघटना आधी होती आणि पक्ष तिच्या पोटातून आला. ब्रिटनचाच मजूर पक्ष घ्या. १९०० मध्ये कामगार संघटनांनी आणि समाजवादी मंडळांनी मिळून एक प्रतिनिधित्व समिती काढली. वर्गणी देणारे कामगार आधीच होते, शाखा आधीच होत्या. १९०३ मध्ये लिबरलांशी गुपचूप जागावाटप केले, १९०६ मध्ये २९ जागा जिंकल्या, आणि पहिले सरकार आले १९२४ मध्ये. ब्राझीलच्या मजूर पक्षाचीही तीच कथा: १९८० मध्ये कामगार चळवळीतून जन्म, त्याचे नेते लुला १९८९, १९९४ आणि १९९८ असे तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरले, २००२ मध्ये जिंकले. आसाम गण परिषद ऑक्टोबर १९८५ मध्ये निघाली आणि डिसेंबरमध्ये सत्तेवर आली, पण त्यामागे विद्यार्थी संघटनेचे सहा वर्षांचे आंदोलन होते. दोन महिने दिसतात, सहा वर्षे दिसत नाहीत.

म्हणून पक्ष काढायचा म्हणणाऱ्याला मी विचारतो की पक्ष काढण्याआधी तुम्ही काय चालवत होता? ग्राहकांची संघटना, पाण्याचा लढा, कामगारांचे मंडळ, काहीही. उत्तर 'काही नाही' असेल तर घाई करू नका.

जुना पक्ष सुधारण्याच्या पलीकडे गेला हे कसे ओळखायचे? माझ्या मते दोन खुणा आहेत. पहिली, सभासद यादी आणि अंतर्गत निवडणूक हेच मुळी खोटे असणे. आमच्या शेवटच्या अंतर्गत निवडणुकीत मतदानाच्या आठवडाभर आधी यादी हातात आली, तेव्हा एकाच पत्त्यावर ३० सभासद आणि शेकडो जणांची वर्गणी एकाच माणसाने भरलेली, असे दिसले. आम्ही हरकत घेतली. निरीक्षक आले, चहा घेतला, आणि सर्व अधिकार अध्यक्षांना देण्याचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे लिहून गेले. आज वाटते, चूक आमचीही होती. यादीवर वर्षभर आधी काम करायला हवे होते, आम्ही भाषणांवर केले. पण जिथे यादीच मिळत नाही, निवडणूकच होत नाही, किंवा पक्ष एका घराच्या मालकीचा आहे आणि घटनेतच तशी सोय आहे, तिथे वर्षे घालवू नका.

दुसरी खूण, काळाचा मोठा प्रश्न पक्षाला मधोमध चिरत जाणे. अमेरिकेतल्या व्हिग पक्षाचे गुलामगिरीच्या प्रश्नावर असेच झाले. उत्तरेतले आणि दक्षिणेतले व्हिग एका बाजूला उभे राहूच शकत नव्हते. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोपवणारा कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला, त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष उभा राहू लागला, १८६० मध्ये लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. लिंकन स्वतः जुने व्हिग. नव्या पक्षात गेलेल्यांपैकी बरेच जण आधीच निवडून आलेले, वृत्तपत्रे चालवणारे, आपापल्या भागात वजन असलेले होते, आणि त्यांना बाहेर नेणारा प्रश्न शेतावरच्या माणसालाही एका वाक्यात कळत होता. तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगून बघा. 'आम्हाला डावलले' हे वाक्य असेल तर लोक सहानुभूती दाखवतील, मत देणार नाहीत.

नव्या पक्षाच्या आतल्या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून माझ्या अनुभवातले सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडे आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दुसरीकडे तिकीट न मिळालेले होते. ते सोबत माणसे आणत होते, त्यामुळे नाही म्हणवत नव्हते. घटना लिहिण्याचे काम पुढे ढकलले, कारण सगळे मित्रच होतो आणि नियमांची भाषा परकी वाटत होती. पहिल्या निवडणुकीत एका जागेसाठी तिघांनी हट्ट धरला. ठरवायचे कसे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी आम्ही तीन संस्थापक एका खोलीत बसलो आणि ठरवले. त्या रात्री घरी जाताना मला जुन्या पक्षातली ती दुसरी खोली आठवली. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाकडे बघून लिहिले होते की कोणतीही मोठी संघटना अखेर थोडक्यांच्या हातात जाते. मी ते अटळ मानत नाही. पण नव्याने सुरुवात केली म्हणून त्यातून सुटका होते, ही समजूत मी स्वतः मोडलेली पाहिली आहे. नेता निवडण्याआधी घटना लिहा, आणि तीत तिकिटाचा वाद कसा सोडवायचा ते कलम सर्वांत आधी लिहा. एकदा उमेदवार समोर उभे राहिले की प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरोधात जातो.

आत आणि बाहेर यांच्या मधली एक वाट आहे, आणि आपल्या इतिहासात ती फार चांगली चालून दाखवलेली आहे. १९०७ च्या सुरतेच्या फुटीनंतर टिळकांच्या गटाला काँग्रेसची दारे बंद झाली. पुढच्या वर्षीच्या काँग्रेसच्या घटनेने ही बंदी नियमातही आली. टिळकांनी स्पर्धक काँग्रेस उभी केली नाही. मंडालेहून १९१४ मध्ये सुटून आल्यावर ते परत येण्यासाठी बोलणी करत राहिले. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात नियम सैल झाले, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला त्यांनी होमरूल लीग काढली, आणि त्याच डिसेंबरात लखनौला ते काँग्रेसमध्ये परतले. लीगचे सभासद बाहेर, गावोगाव वाढत होते. काँग्रेसच्या आत त्यांचे वजन त्यामुळे वाढत होते. १९१८ पर्यंत चित्र इतके पालटले की नेमस्तांनाच बाहेर पडून आपला लिबरल पक्ष काढावा लागला. ज्यांनी दार बंद केले होते ते बाहेर गेले. तो लिबरल पक्ष विद्वानांचा राहिला, जनतेत रुजला नाही.

१९३४ मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष काढला तोही याच जातीचा प्रयोग. १४ वर्षे तो चालला. १९४८ मध्ये काँग्रेसने वेगळी घटना आणि सभासदत्व असलेल्या गटांना मनाई केली आणि नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी बाहेर पडले. ते राहिले असते तर काय झाले असते यावर जुनी माणसे रात्र-रात्र वाद घालायची. मी त्यांच्या बाहेर पडण्याला चूक म्हणणार नाही, पण बाहेर पडताच २५४ जागा लढवणे ही चूक होती असे मला ठामपणे वाटते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. तुमच्या गटात आमदार-खासदार असतील तर त्यांची वाट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये खासदाराने पक्ष सोडला तरी जागा राहते. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने स्वेच्छेने पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व जाते. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने संपली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची सोय तेवढी राहिली. नावाचे आणि चिन्हाचे भांडण मात्र शक्यतो अंगावर घेऊ नका, त्यात वर्षे जातात आणि ऐन कामाची माणसे वकिलांच्या दारात बसतात.

तुमच्या जागी मी असतो तर काय केले असते? ४० जणांना एकत्र बोलावून दोन गोष्टी मागितल्या असत्या. प्रत्येकाने सहा महिने ठरावीक मासिक वर्गणी द्यायची, रक्कम कितीही लहान चालेल, पण चुकवायची नाही. आणि प्रत्येकाने निवडणूक नसताना, कामाच्या दिवशी, एका स्थानिक प्रश्नासाठी १० नवी माणसे आणायची. आम्ही हे केले तेव्हा ४० चे ११ झाले. वाईट वाटले, पण त्या ११ जणांवर पुढची सगळी वर्षे निघाली.

मग त्या उरलेल्यांना घेऊन पक्षातला एकच नियम निवडला असता. सात मागण्यांचे निवेदन देऊ नका, ते स्वीकारले जाते आणि विसरले जाते. उमेदवार ठरवताना स्थानिक शाखेत गुप्त मतदान, किंवा शाखेचा जमाखर्च दर तिमाहीला फलकावर, असे एकच. ते आपल्या हातातल्या एखाद्या शाखेत परवानगी न मागता सुरू करता येते का बघा. एका शाखेत वर्षभर चालले की शेजारच्या शाखेतले लोक विचारू लागतात. वरून विरोध झालाच तर हिशोब दाखवायला विरोध, असे त्याचे रूप होते, आणि ते बाहेरच्या माणसालाही कळते.

यासाठी मुदत घाला, कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनिशी. दोन अंतर्गत निवडणुका पुरेत. पहिलीत हराल, तिच्यातून यादी कशी चालते ते कळेल; दुसरीत तयारीने उतरा. तीही गेली, किंवा ती होऊच दिली नाही, तर त्याच मुद्द्यावर, सगळे मिळून, एका दिवशी बाहेर पडा. तिकिटांची यादी जाहीर झाल्याच्या आठवड्यात कधीही नको. त्या आठवड्यात बाहेर पडलेल्याला लोक बंडखोरच म्हणतात, मग त्याचे कारण कितीही खरे असो. पुढची मोठी निवडणूक किमान दोन वर्षे लांब असावी, आणि पहिल्यांदा लढायचे ते जिथे तुमचे काम घराघरांत माहीत आहे अशा मोजक्या चार-पाच जागांवर. बाकीच्या ठिकाणचे उत्साही लोक नाराज होतील. त्यांना होऊ द्या.

तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमच्या पक्षात अंतर्गत निवडणूक कागदावर का होईना होते, आणि मूळ भूमिका तुम्हाला अजून पटते. एवढ्यावरून मी सांगेन की आताच बाहेर पडू नका. सभासद नोंदणीची पुढची मुदत कधी संपते ते बघा, तुमच्या शाखेची गेल्या वेळची यादी लेखी अर्ज देऊन मागा, आणि तो अर्ज पोचल्याची पावती जपून ठेवा. यादी किती दिवसांत मिळते, की मिळतच नाही, ते मला कळवा. पुढचे त्यावरून बोलू.